परत दिलेला मुलूख

बाहत्तरच्या दिवाळीत आमची रेजिमेंट शकरगड भागात, सरहद्दीपलीकडच्या जिंकलेल्या मुलखात होती. लढाई थांबून वर्ष होत आलं होतं. साडेपाचला उठायचं, सहाला टँकची तपासणी, मग दिवसभर पहारा. मी टँकच्या तोफेवरचा गनर, नगर जिल्ह्यातल्या कोल्हारचा.

आमच्या टँकचा ड्रायव्हर दस्तगीर नेवाशाचा होता. मी म्हणायचो, तू टँक बैलगाडीसारखा हाकतोस. तो म्हणायचा, तू नगरवर नेम धरलास की गोळा राहुरीत पडतो. आदल्या डिसेंबरात सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आमचा टँक सुरुंगावर गेला. कमांडर जखमी झाले, म्हणून रेडिओ मी घेतला. "सुरुंग. ड्रायव्हर गेला. ओव्हर."  त्याला मागे न्यायचा रस्ता बंद होता. दुपारी दोनला आम्ही त्याला जवळच्या गावच्या कबरस्तानात ठेवलं. गाव पळालेलं होतं. मागे राहिलेल्या एका म्हाताऱ्याने नमाज पढली, शत्रूच्या शिपायासाठी.

आता करार झाला होता आणि तो मुलूख परत द्यायचा होता. मला संताप आला. मेजरसाहेबांनी नकाशा पसरून समजावलं. इकडची जमीन सोडायची, पण काश्मीरच्या डोंगरात घेतलेली ठाणी ठेवायची. देश आपलं हित बघतो, त्यात राग-लोभ नसतो. मला ते कळलं. आमच्याकडे भाऊबंदसुद्धा पाटाचं पाणी मिळत असेल तर बांधालगतच्या दोन सऱ्या सोडतात. पण या सऱ्यांत दस्तगीर होता.

साहेब म्हणाले, "रजा घे. घरच्यांना विचार. हो म्हणाले, तर त्याला आणू."

त्या साली जिल्ह्यात दुष्काळ होता. दस्तगीरची आई, तिला मी चाची म्हणायचो, नेवाशाजवळ दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी तिथेच शेजारी बसून सगळं सांगितलं. खरं सांगतो, तिने हो म्हणावं असं मला फार वाटत होतं. तो नेवाशात आला असता, तर दर रजेला मी त्याच्यापाशी जाऊन बसलो असतो.

तिने हातोडी खाली ठेवली. "एकदा मातीत ठिवलेल्याला उठवत न्हाईत, बाबा."

"पन चाची, म्होरं आपल्याला तितं जाता यायचं न्हाई."

तिने फोडलेली खडी ढिगावर लोटली. मग विचारलं, "तितं पानी हाय का?"

"लई हाय. शेजारीच हीर हाय. गहू हुतो."

"मग ऱ्हाऊ दे त्याला."

मी एकटाच परत गेलो. ताबा द्यायच्या दिवशी सकाळी सातला कबरीची माती सारखी केली, पाणी शिंपडलं, चाचीने दिलेली चादर घातली. नऊला रेडिओ बोलला, "सगळे टँक मागे. ओव्हर." ताबा घ्यायला आलेल्या त्यांच्या सुभेदाराला मी कबर दाखवली आणि लक्ष ठेवा म्हणून विनंती केली.

"मुसलमान था?" त्याने विचारलं.

"हमारा ड्रायवर था."

त्याने मान डोलावली. आम्ही निघालो.

त्यानंतर दोन्ही सरकारांचं कितीदा जमलं आणि कितीदा फिसकटलं, ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. ज्याचं हित त्याला ठाऊक. मी तिकडे जाण्यासाठी दोनदा अर्ज केला. मयताशी नातं काय, असं विचारलं होतं. मी मित्र लिहिलं. दोन्ही अर्ज परत आले. आता वय झालं, तरी त्या कबरीपाशी घटकाभर बसावं ही इच्छा काही जात नाही.

चाची काही वर्षांनी गेली. मी नेवाशाला मातीला होतो. कबर खणणाऱ्यांना तिच्या थोरल्या मुलाने जरा बाजूला सरकून खणायला सांगितलं. शेजारी एका माणसाची जागा सोडा, असं ती बजावून गेली होती.

ती जागा अजून रिकामी आहे.