उसनी कातडी

माझा बाप परतवाड्याजवळच्या संत्र्याच्या बागेत कलमं बांधायचा. जंबेरी लिंबाच्या खुंटावर त्यानं संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, भरला की तो लागलाच म्हणून समजा. त्यामुळे साठ सालाच्या सुमारास उकळत्या पाण्याचा गंज माझ्या पाठीवर उलटला आणि अमरावतीच्या डॉक्टरांनी आईच्या मांडीची कातडी काढून मला लावली, तेव्हा आता काळजी मिटली असंच त्यानं धरलं. वर डॉक्टरांनाच शिकवायला गेला, "सायेब, पट्टी घट्ट बांधा. ढिली रायली तं डोया सुकते."

डॉक्टर हसले, पण त्यांनी त्याला उडवून लावलं नाही. माणसाचं शरीर झाडासारखं नसतं, ते दुसऱ्याची कातडी ओळखतं आणि काही दिवसांनी टाकून देतं, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. आमच्याकडे ते कुणाच्या कानात शिरलं नव्हतं.

कातडी आधी छान गुलाबी झाली. मग काळवंडली आणि सुटून आली. आईनं वॉर्ड डोक्यावर घेतला. "नऊ मयने पोटात होती, तवा नाई मी परकी वाटली. आताच कावून?"

"याचं उत्तर माझ्याकडे नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी तसं कबूल करावं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पाठ पुन्हा उघडी पडली. माझीच कातडी काढावी इतकं बळ माझ्यात नव्हतं, आणि उघड्या जखमेनिशी मी वाचले नसते. आईनं दुसरी मांडी पुढे केली. डॉक्टर नको म्हणाले. शरीरानं तिला एकदा ओळखलं होतं, दुसऱ्यांदा ते तिला आणखी लवकर झिडकारणार होतं.

"मंग माही घ्या," बाप म्हणाला.

"तीही पडणार."

"पडू द्या. पोरीत ताकद येईस्तोवर पुरली म्हंजे झालं."

न लागणारं कलम उपटून फेकणारा हा माणूस, पडणार हे ठाऊक असून मांडी सोलून घ्यायला निघाला. बापाचा मला याहून मोठा अभिमान कधी वाटला नाही.

बापाची कातडी लावल्यावर आई रोज पट्टी बदलताना येऊन त्याला टोचायची, "तुमची बी नाई टिकत, पायजा." मी भाकरी खाऊ लागले, उठून बसू लागले, आणि मग त्याचीही सुटली. "केलं ना तुमाले बी परकं!" म्हणत आई कितीतरी दिवसांनी हसली. त्यानंतर डॉक्टरांनी माझ्याच मांडीची कातडी लावली. ती राहिली.

त्या दोघांचं माझ्या पाठीवर आज काहीच नाही. त्यांच्या मांड्यांवरचे चट्टे मात्र गेले नाहीत. आईला शेवटचं न्हाऊ घालताना मी तिच्या चट्ट्यावरून हात फिरवला. तिथली कातडी केव्हाच गेली होती, पण न्हाऊ घालायला मी होते.