बाबांच्या मागून, सदरपर्यंत

मेट्रो वर्धा रोडच्या वरून जायची, तेव्हा खिडकीशी उभं राहून खालच्या लोकांची कीव करणं हा माझा सकाळचा उद्योग होता. मी गाडी चालवायला मुळातच भित्री. लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत आठचा आकडा काढताना पाय टेकला म्हणून परत पाठवलेली. बेशाहून निघायचं, स्टेशनखाली स्कूटी लावायची आणि वरच्या वर सदरजवळ जाऊन उतरायचं, ही सोय कुणीतरी खास माझ्यासाठीच केली असावी असं मी धरून चालले होते.

एका सकाळी खालच्या गर्दीत हिरवी स्कूटर दिसली. अशी गिअरची जुनी हिरवी स्कूटर आता नागपुरात फारशी कुणाकडे उरलेली नाही आणि पुढच्या हुकला कापडी पिशवी अडकवून चालवणारा माणूस तर मला एकच माहीत आहे. ते माझे बाबा होते. त्यांच्या मागे हातभर अंतरावर सिटी बस होती. आजूबाजूचे सगळे मान वळवून बसकडे बघत होते, म्हणजे तिचा हॉर्न चालू असणार. एक मान मात्र वळली नव्हती. बाबा रस्त्याच्या मधोमध, बागेत फिरायला आल्यासारखे चालले होते. मग आमचा डबा पुढे निघून गेला आणि पुढचं काही दिसलं नाही.

मी पुढच्याच स्टेशनला उतरून फोन लावत राहिले. गाडीवर असताना त्यांनी फोन उचलणं शक्य नव्हतं आणि उचलून उपयोगही नव्हता, ऐकू कुठे येतं त्यांना. दुपारी आईने फोनवर सांगितलं की ते जेवायला बसलेत आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करताहेत. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले.

आम्ही घरात तिघंच. माझं लग्न जमलं नाही, मग मीही जमवायचं सोडलं. बाबा सदरच्या एका सरकारी ऑफिसातून निवृत्त झाले, पण सवय निवृत्त झाली नाही. ऑफिसजवळच्या टपरीवर जुन्या सोबत्यांबरोबर चहा प्यायला ते रोज ऑफिसच्याच वेळेला निघायचे. आम्ही भाड्याच्या घरात धंतोलीला होतो तोवर ते ठीक होतं. पण स्वतःचं घर म्हणून बेशाला आलो आणि सदर एकदम लांब गेलं. दोन्हींच्या मध्ये रोज थोडं थोडं वाढणारं शहर उभं राहिलं. आमच्या मागे पलीकडे अजून घरं झाली, त्यांच्या मागे अजून, आणि सकाळी ती सगळी घरं एकाच रस्त्यावर उतरतात.

त्यात बाबांचे कान गेले. मशीन घेऊन दिलं, तर हेल्मेटखाली ते शिट्टी मारतं. म्हणून निघताना ते मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि हेल्मेट घालून तशाच शांततेत सदर गाठायचे. मी म्हटलं, माझ्या स्कूटीवर मागे बसा, स्टेशनपर्यंत नेते, मग दोघं मेट्रोने जाऊ.

"मी काय सामान आहो का, मांग बांधून न्यायले?" ते म्हणाले आणि विषय संपला.

शेवटी आईनेच मला ओट्यापाशी धरलं. "त्याईले थांबवणं माह्यानं होत नाही वं. तू त्याईच्या मांग मांग जात जाय. निदान पाठीशी कोणी असलं, तं मले घास तं जाईन."

बाबांना मी सांगितलं की स्टेशनखाली गाडी लावायला जागाच मिळत नाही, आता मी स्कूटीनेच जाणार. त्यांनी "बरं" म्हणून पेपरात डोकं घातलं.

तेव्हापासून मी बाबांच्या मागे निघू लागले. ते गेट ओलांडून कोपऱ्यावर वळले की मी स्कूटी काढायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मी तर स्वतःच उठून त्याच्या पाठी लागले होते.

आपल्याकडे मागचा पुढच्याला हॉर्नने सगळं सांगतो. आलो, डावीकडून घुसतो, थांबणार नाही, सरक. पुढचा मागे बघत नाही, फक्त ऐकतो आणि सरकतो. सगळा कारभार ह्या एका भरवशावर चालतो आणि माझे बाबा त्या भरवशाच्या बाहेर होते. मागचा माणूस हॉर्न देऊन मोकळा व्हायचा. त्याच्या हिशेबाने म्हातारा आता सरकणार. म्हातारा सरकायचा नाही. म्हणून मी त्यांच्या मागे, जराशी उजव्या अंगाला राहायचे, म्हणजे जे काही यायचं ते आधी माझ्यावर यावं. दिवसभराच्या शिव्या मी मनीषनगर ते झिरो माइलमध्येच खाऊन घ्यायचे. "ओ काकू, चालवता येत नाही तं घरी बसा ना!" असं एक पोट्टं रोज कुठून ना कुठून ओरडायचंच. काकू! मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. पण उत्तर द्यायला मान वळवायची तर बाबा नजरेआड होतील, म्हणून ती उत्तरं तशीच गिळायचे.

आणि बाबा इतके हळू चालवायचे की माझा जीव टांगणीला लागायचा. सिग्नल सुटल्यावरही निघायला वेळ लावायचे. चौक ओलांडला की अजूनच हळू व्हायचे, जसं काही पुढे जायची इच्छाच नाही. वय झालं, हातापायात जोर नाही राहिला, असं मी मनाला समजावायचे आणि त्या समजावण्यानेच अजून घाबरायचे.

रहाटे कॉलनीच्या चौकात तर मी डोळे मिटायचेच बाकी ठेवायचे. तिथून दीक्षाभूमीकडे रस्ता जातो. छप्पन साली बाबा पाच वर्षांचे होते आणि आजोबांच्या खांद्यावर बसून तिथे गेले होते. त्या बाजूने जाताना ते हँडलवरचा डावा हात काढून छातीशी नेतात. लहानपणी स्कूटरवर पुढे उभी असायचे तेव्हा मीही त्यांच्याबरोबर हात छातीशी न्यायचे. माझी श्रद्धा त्यांच्याहून तसूभर कमी नाही, पण आता त्या क्षणी मला दोन्ही बाजूंच्या गाड्या आणि सुटलेलं हँडल एवढंच दिसायचं.

खरं सांगते, ते मरतील ही भीती होतीच. पण ते माझ्या डोळ्यांसमोर मरतील, ही भीती त्याहून मोठी होती. कधीकधी अजनीजवळ गर्दी तुंबली की वाटायचं, आईचं ऐकलंच नसतं तर बरं झालं असतं. निदान बातमी दुसऱ्या कुणीतरी दिली असती. मग सदर यायचं, बाबा आपल्या टपरीच्या गल्लीत वळायचे, आणि मी माझ्या ऑफिसकडे. दुपारी ते परतायचे तेव्हा रस्ता जरा मोकळा असायचा. त्या परतीची काळजी आईच्या वाट्याची होती.

हे सगळं त्या सोमवारपर्यंत चाललं. रहाटे कॉलनीच्या अलीकडे एक सिग्नल आहे. बाबा शेवटच्या हिरव्यात पलीकडे गेले. मी त्यांना गाठायला जोर केला, तेवढ्यात उजवीकडून एक गाडी डावीकडे घुसली आणि तिचा मागचा कोपरा माझ्या हँडलला लागला. फार नाही, नुसता लागला. पण स्कूटी आडवी झाली आणि मी तिच्याबरोबर. गुडघा सोलला, हेल्मेट रस्त्यावर आपटलं. सिग्नल लाल झाला. आडव्या रस्त्याची सगळी गर्दी एकदम सुटली.

मी डांबरावर बसल्या बसल्या पुढे पाहिलं. बाबा पलीकडे थांबले होते. त्यांनी स्कूटर वळवली. सुटलेल्या त्या गर्दीत, उलट्या दिशेने, सरळ माझ्याकडे ते निघाले.

"बाबा, थांबा! थांबा वो!" मी गळा फाडून ओरडत होते. ज्यांना बसचा हॉर्न ऐकू येत नाही त्यांना मी हाका मारत होते. एक ऑटो त्यांना घासून गेला. एक बस कर्रकन थांबली, तिच्या मागचे सगळे थांबले, प्रत्येकाने हॉर्नवर हात ठेवला. बाबांच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं. ते फक्त माझ्याकडे बघत होते. जिची मी इतके महिने वाट बघत होते ती गोष्ट आता होणार, असं मला वाटलं, आणि मी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

हात काढले तेव्हा ते माझ्यासमोर उभे होते. "लागलं का वं? डोकं दाखव."

लोकांनी आमच्या दोन्ही गाड्या कडेला घेतल्या. आम्हाला एका पानठेल्याच्या बाकावर बसवलं, पानवाल्याने पाणी दिलं. बाबांनी हेल्मेट काढलं आणि खिशातलं मशीन कानात घातलं. मी भडकलेच होते. भीती उतरली की मला राग येतो.

"असं कोणी येते का उलटं? अन् तुम्हाले कसं समजलं मी पडली म्हणून?"

"दिसली ना. आरशात."

"म्हणजे मी मांग असते हे..."

"पहिल्या दिवसापासून पायतो. ऐकू नाही येत तं डोये आहेत ना मले."

"मंग बोलले काहून नाही?"

"काय बोलू? तू पयल्यापासून भित्री. त्यात तू मेट्रो सोडली. म्हटलं, पोट्टी एकटी कशी जाईन ह्या गर्दीत. मी पुढं राहिलो तं रस्ता होईन तुले. मी हळू हळू चालवो, तू सुटू नये म्हणून."

"अन् तुमचा चहा?" मी विचारलं.

"कायचा चहा? टपरी उन्हाळ्याच्या आधीच गेली, रस्ता मोठा केला तेव्हा. सोबती आता राहिले कोण? मलेही नाही झेपत वं आता, एवढ्या दूर. तू ऑफिसकडे वळली की मी रोज तिथंच कुठं तासभर बसो अन् घरी येवो."

मग मी त्यांना सांगितलं. मेट्रोतून दिसलेली बस, आईचं बोलणं, स्टेशनखालच्या जागेची थाप. त्यांनी एकेक शब्द ऐकून घेतला. दोघांनाही ह्या रस्त्यावर यायचं नव्हतं. मी त्यांच्यासाठी येत होते आणि ते माझ्यासाठी. दोघंही रोज जीव मुठीत धरून. बाबा उठले, स्कूटरला किक मारायला गेले. एकदा मारली, दोनदा मारली, पाय घसरला. त्यांनी स्कूटर पानठेल्यामागे लावून कुलूप घातलं आणि माझ्या स्कूटीवर मागे येऊन बसले. हेल्मेट घाला म्हटलं तर नाही म्हणाले, शिट्टी वाजते, मग तुझं बोलणं ऐकू येत नाही.

सिग्नल सुटला आणि मागचे सगळे हॉर्न एकदम सुरू झाले. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात दचकला. कानात मशीन घालून ते ह्या रस्त्यावर पहिल्यांदाच आले होते. डावीकडून एक गाडी कर्कश हॉर्न देत गेली, मागे बस होती, उजवीकडे ट्रक होता.

"बाप्पा! हे असं असते?" त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "रोज?"

"हौ, बाबा. रोज."

"अन् तू ह्याच्यातून येत होती? माह्या मांग?"

त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. पाच वर्षांच्या मुलाने धरावं तसं त्यांनी मला धरलं होतं.

"घरी चाल वं. वापस घे गाडी. पुढं नोको जाऊ."

मध्ये दुभाजक होता, वळायची जागा बरीच पुढे होती आणि मागची बस हॉर्न देत होती. मी पुढेच गेले.