सासूबाईंचा ब्रदर

छातीच्या रोगांच्या दवाखान्यात तो नर्स होता, सगळे त्याला ब्रदर म्हणत. धिप्पाड अंग, खणखणीत आवाज आणि खिडक्यांच्या बाबतीत कमालीचा हट्टी. "थंडी वाजत असेल तर अजून एक पांघरूण मागा, पण खिडकी उघडीच राहील," असं वॉर्डात शिरता शिरताच बजावायचा. "टीबी कोंडलेल्या हवेत पसरतो, ताटवाटीतून नाही."

त्याच्या सासूबाईंना हे काही केल्या पटत नसे. त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. जावई आला की तोंडभर कौतुक, आणि त्याची पाठ वळली की त्याचा कप उकळत्या पाण्यात! बायको चिडायची. तो हसून म्हणायचा, "जावयाचे लाड गरमागरमच हवेत."

एकदा फोनवर बोलताना त्याला त्यांचा खोकला ऐकू आला.

"कधीपासून आहे हा?"

"काही नाही हो, इस्त्रीच्या वाफेचा आहे."

"घाम येतो रात्री? कपडे सैल झालेत?"

"गिऱ्हाईक आलंय," म्हणत त्यांनी फोन ठेवला. तो दुसऱ्याच दिवशी त्यांना तपासणीला घेऊन गेला. थुंकीत टीबीचे जंतू निघाले, फुप्फुसाभोवती पाणीही साचलं होतं. भरती करणं भाग होतं, आणि वॉर्ड नेमका त्याचाच.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. "जावयासमोर भांड्यात थुंकू? त्यापेक्षा मेलेली बरी."

त्याने नाकावरचा मास्क नीट दाबला. "मावशी, तुमचा जावई इथे नाही. मी ब्रदर. जावई संध्याकाळी भेटायच्या वेळेत येईल."

आणि खरोखरच आला. ड्यूटी संपवून, कपडे बदलून, हातात फळं घेऊन, इतर नातेवाइकांसारखा मास्क लावून. "आई, कसं वाटतंय?"

सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तक्रारींचं गाठोडंच सोडलं. "तो ब्रदर भारी खडूस आहे हो! जरा डोळा लागला की उठवून खुर्चीत बसवतो. मोठा श्वास घ्या म्हणे. इथे लहान घेताना जीव जातोय!"

"असं? बोलतो मी त्याच्याशी."

"बोला. पण बिचाऱ्याची नोकरी जाईल इतकं नका बोलू."

असं रोज चालू झालं. सकाळी ब्रदरपुढे त्या निमूट खोकायच्या, थुंकीचं भांडं झाकण लावून परत द्यायच्या, आणि संध्याकाळी जावयाकडे त्याच्या चहाड्या करायच्या. शेजारच्या खाटांवरच्या बाया तोंड लपवून हसायच्या.

एका संध्याकाळी मात्र त्या हळूच म्हणाल्या, "ब्रदरला सांगू नका. आजच्या गोळ्या मी गालात धरून नंतर टाकून दिल्या. लघवी केशरी होतेय. आतून रक्त जातंय माझं."

गोळ्या त्यानेच दिल्या होत्या, समोर उभं राहून पाणीही पाजलं होतं.

"आई, ब्रदर चुकला. त्याने हे आधीच सांगायला हवं होतं. तो रंग गोळीचा आहे, रक्ताचा नाही. पण गोळ्या मध्येच सोडल्या ना, तर जंतू निर्ढावतात. मग ते औषधाला जुमानत नाहीत." तो उठला. "डॉक्टरांना सांगावं लागेल."

"सांगा," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, "आणि ब्रदरला?"

"त्याला एव्हाना कळलंच असेल."

त्यावर त्या इतक्या हसल्या की उबळच आली. त्याने पाठीला आधार दिला, आणि त्यांनी तो घेतला.

पाणी ओसरलं, खोकला उतरला, त्या घरी गेल्या. त्याने बायकोची आणि आजीकडे जाणाऱ्या मुलीचीही तपासणी करून घेतली, दोघी ठणठणीत निघाल्या. पुढचे कित्येक महिने सासूबाईंनी एकही गोळी चुकवली नाही, आणि शेवटी डॉक्टरांनी औषध बंद केलं.

त्यानंतर एके सकाळी त्या पुन्हा दवाखान्यात हजर. हाताला धरून शेजारणीला ओढत आणलेलं. शेजारीण लाजेने अर्धी झालेली.

"हिला फार दिवस खोकला आहे," सासूबाई साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "विचारलं की विषय बदलते. म्हटलं, चल, आधी तपासणी, मग विषय."

ब्रदरने शेजारणीला एक मास्क दिला, दोघींना उघड्या व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि डॉक्टरांना वर्दी द्यायला आत गेला.