सरदारचा पट्टा, माझा गळा

कुत्र्याचा पट्टा मी आयुष्यात एकदाच गळ्यात घातला, तोही नियमाप्रमाणे.

जंगल खात्याचा गोरा साहेब तळोद्याहून बदलून जाताना सरदार नावाचा आपला वासराएवढा कुत्रा आमच्याकडे सोडून गेला, आणि त्याच्या शिक्षणासाठी आतून खिळे असलेला पट्टाही. सरदारने आमच्या यजमानांना वाळत घातलेल्या मिरच्यांमधून ओढत नेले, त्या दिवशी यजमानांनी तो खिळ्यांचा पट्टा पेटीतून बाहेर काढला. (दोन दिवस त्यांचे डोळे उघडत नव्हते, हे मान्य. पण खिळे?)

"सोमवारना बाजारलोंग हाऊ सरळ चालना तं ठीक," ते म्हणाले, "नहीतं अक्कलकुव्याले मामान्या मळामा साखळीले बांधी दिसू."

म्हणजे सोमवारपर्यंतची मुदत! मी मुलींच्या शाळेत शिकवणारी बाई. लगेच वही काढून नव्या पट्ट्याचे नियम लिहिले. पट्टा रुंद हवा. आतून लोकरीचा नमदा हवा. बक्कल गुळगुळीत हवे. आणि सर्वांत वर: जे माझ्या गळ्याला सोसणार नाही, ते सरदारच्या गळ्यात जाणार नाही.

मोचीने शनिवारी पट्टा दिला, दोरीसकट. घरी येऊन मी तो गळ्यात घातला. नमदा मऊ, रुंदी योग्य. बक्कल मात्र उघडेना.

यजमान पक्कड घेऊन आले.

"हालू नको."

"अहो, तो माझा गळा आहे!"

"मंग विळा लयू का?"

नवा कोरा पट्टा कापायचा? मी पदर लपेटला आणि तशीच मोचीकडे निघाले. दोरी मागे लोंबत होती, ते मला दिसले नाही. सरदारला दिसले. त्याने टोक तोंडात धरले आणि माझ्यापुढे चालू लागला. शांत, सरळ, मधूनमधून मागे वळून बघत!

चौकात शेजारीण भेटली. पदराआडून बक्कल चमकत होते. "मास्तरीनबाई, नवी वज्रटीक कव्हय करी वं?"

"कालच," मी म्हणाले. काय सांगणार?

मोचीने आधी मला पाहिले, मग सरदारला. "बाई, मी तं कुत्राना मापना बनाडा व्हता."

"बक्कल काढा. मापाचे नंतर बोलू."

एका टोच्याने त्याने ते क्षणात उघडले. पण सरदारच्या गळ्यात पट्टा बांधताच तो असा ओढत सुटला की मी मोचीच्या चपलांवर आडवी झाले. अक्कलकुव्याचा मळा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी उठले, त्याच्या गळ्यातला पट्टा सोडवून हातात घेतला आणि दोरीचे टोक त्याच्या तोंडात दिले. स्वारी लगेच सरळ!

सोमवारी आम्ही तसेच भर बाजारातून गेलो. यजमान मागून पाहत होते. सरदारने एकदाही ओढले नाही. सरदार राहिला.

तेव्हापासून बाजारात जो तो माझ्याऐवजी त्यालाच विचारी, "का रे, आज बाईले कोठे लई चालना?" मला भारी राग येई. पण उत्तर मलाही ठाऊक नसे. तो वळेल तिकडे मी मुकाट्याने वळत असे.