दाजींनी बसवलेलं जपानी इंजिन

केसरीनाथ हे माझे दाजी, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. खारबावला घर, घरामागे खाडी आणि सगळा जन्म रेतीच्या बोटींची इंजिनं उघडण्यात गेलेला. त्यांचा स्वभाव मला कधी फारसा मानवला नाही. दारात पाहुणा आला तरी मान वर न करता नट पुसत बसतील. बोलले तर इंजिनावरच बोलतील, आणि त्यातलं समोरच्याला काडीचंही कळत नाही असं धरूनच बोलतील. माझं भिवंडीत धामणकर नाक्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. लूमचे नट-बोल्ट विकता विकता माझे केस पिकले, पण पाना कसा धरायचा हे ते मला अजून शिकवतात.

पण खरं ते खरं. ट्रकची जुनी इंजिनं बोटीत बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. खाडीत कुणाचीही बोट अडली की माणूस आधी त्यांच्या ओट्यावर येई. ‘केसरीनं हात लावला म्हनजे झालं’ असं बोटवाले म्हणत. हे कानावर पडलं की दाजी काही बोलत नसत, नुसता मिशीवरून हात फिरवत. त्या एका वाक्यावर हा माणूस जगत होता, असं मला वाटतं.

त्यांना एकच मुलगी, मृणाली. फिजिक्स घेऊन शिकली आणि भिवंडीत रामनाथशेठच्या घरी सून म्हणून गेली. शेठची भातशेती होती तिथे आता गोदामं उभी आहेत. माणूस वाईट नाही, पण चारचौघांत बोललेला शब्द फिरवणं त्यांना जमत नाही. अख्ख्या तालुक्यात कुणाकडे नाही म्हणून त्यांनी दोन हजार आठ साली हायब्रीड गाडी घेतली, पेट्रोलवर आणि बॅटरीवर मिळून चालणारी. मुलाला, भाविकला, ती आवडेना. आवाजच करत नाही, मग गाडी कसली, म्हणे. मृणालीला तेव्हा वज्रेश्वरीकडच्या एका शाळेत नोकरी लागली होती. ती गाडी शिकली आणि रोज त्याच गाडीनं जाऊ लागली. सून गाडी चालवते हे शेठना पचायला जड गेलं. चावी देताना सगळ्यांसमोर म्हणाले, “गाडीला काय झालं ना, तर चावी परत माझ्याकडे. मग बसनं जा, नाहीतर नोकरी सोड.” हसत म्हणाले, पण म्हणाले.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात ती शनिवार-रविवारची माहेरी आली. गाडी अंगणात लावली होती. मागची बाजू ओट्याच्या चढावर, तोंड खाडीकडे. रविवारी सकाळी पाऊस आणि उधाण एकदमच आलं. खाडीचं पाणी गल्लीतून अंगणात शिरलं आणि गाडीच्या नाकाडापर्यंत चढलं. दुपारी ओसरलं. बॅटरी मागच्या सीटच्या पाठीशी होती, ती कोरडी राहिली. घरात रेंज नव्हती, म्हणून कंपनीच्या माणसाला फोन करायला मृणाली स्टेशनच्या रस्त्याला गेली. जाताना बजावून गेली, “बाबा, हात लावू नका. चावी फिरवायची नाही.”

आता बोटवाल्यांची रीत अशी, की बुडालेलं इंजिन वर काढलं की लगेच फिरवायचं. नोझल ढिले करायचे, आतलं पाणी उडवून टाकायचं आणि इंजिन चालू करायचं. दिवस मध्ये गेला तर खारं पाणी लोखंड खातं. दाजींनी असं करून किती इंजिनं वाचवली असतील याची गणती नाही. समोर लेकीची गाडी खाऱ्या पाण्यातून निघालेली, आणि लेक म्हणते हात लावू नका. त्यांनी बॉनेट उघडलं. वर सगळं प्लास्टिकचं झाकण, नोझल दिसेना, प्लग सापडेना. एवढंसं तर इंजिन आहे, फिरवलं की थुंकेल पाणी, असं त्यांना वाटलं. देवघराच्या फळीवरून चावी आणली आणि फिरवली.

साधा स्टार्टर असता तर कण्हून गप्प बसला असता. या गाडीत इंजिनाला फिरवायला चांगली ताकदवान मोटर होती. इंजिनात शिरलेलं पाणी काही दबत नाही, तेव्हा वाकला तो पिस्टनचा दांडा. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं तो आवाज ऐकला. मृणाली परत आली तेव्हा दाजी उघड्या बॉनेटपाशी उभे होते. तिला काही सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी शेठ आणि भाविक आले. दाजी तोंड उघडणार, त्याच्या आत मृणाली म्हणाली, “माझ्याकडून झालं. घाईत मीच चालू केली.”

आणि दाजी गप्प राहिले. हे मला कळलं तेव्हा आवडलं नाही आणि आजही आवडत नाही. चावी शेठच्या खिशात गेली.

आठवड्यानं आक्का पिशवी घेऊन माझ्या दुकानात आली आणि हे सगळं तिनं सांगितलं. पोरीला तिनं विचारलं होतं, असं का केलंस. पोरगी म्हणाली, “बोटवाल्यांत कळलं तर बाबांना पुन्हा कोण विचारेल? मला काय, बस आहे.” कुणाला बोलू नकोस म्हणून आक्कानं मला शपथ घातली. मी बोललो नाही, पण मनातून दाजींवर फार चिडलो.

बस आहे म्हणणं सोपं. सकाळचा स्वयंपाक उरकून भिवंडी स्टँड, तिथून वज्रेश्वरीची गाडी, उतरून पुढे पायपीट. एक बस चुकली की पहिला तास बुडाला. शाळेत बोलणी बसू लागली. घरी शेठ रोज सहज म्हटल्यासारखं म्हणत, “कशाला ओढाताण करतेस, सोड ना.” दिवाळीपर्यंत बघते, एवढंच ती म्हणे.

गाडी तशीच खारबावला उभी होती. कंपनीवाल्यांनी आख्खं इंजिन बदलायला सांगितलं. पाण्यात चालू केलेली म्हणून विम्यावाल्यांनी हात वर केले. शेठ म्हणाले, भंगारात काढा. तेव्हा दाजी पहिल्यांदा बोलले, “गाडी माज्या दारात बंद परली. मीच उभी करतो.”

इंजिन आणायला मी त्यांच्याबरोबर कुर्ल्याला गेलो. तिथे एका गाळ्यात जपानहून कंटेनर भरून आलेली जुनी इंजिनं एकावर एक रचलेली होती, वायरी तोडलेल्या, अंगावर खडूनं काहीबाही लिहिलेलं. आमच्या गाडीची तीन निघाली. दाजींनी प्रत्येक इंजिन पान्यानं हातानं फिरवून बघितलं, ऑइलचं झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, वास घेतला. गाळेवाला हसायला लागला. “चाचा, सूंघ के क्या पता चलता है?”

“पानी पिया है कि न्हई, वो,” दाजी म्हणाले. तिथे मला त्यांचा राग जरा कमी झाला.

अंगणात लोखंडी पायपांची घोडी उभी करून तिला चेनकप्पी बांधली. मदतीला देवराम होता. वज्रेश्वरीच्या वरच्या पाड्यातला, बोटीवर त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काढलेला. गाडीतल्या नारिंगी वायरींत माणूस मारण्याइतका करंट असतो हे कळल्यावर त्यानं आपल्या बाजूनं पक्का नियम केला. नारिंगी दिसलं की हात पाठीमागे.

आणि रविवारी मृणाली यायची. इंटरनेटवरून गाडीचं इंग्रजी मॅन्युअल छापून आणलेलं असायचं. ओट्यावर पाय खाली सोडून बसायची आणि एकेक वाक्य मराठीत सांगायची. गाडीखालून दाजी हूं म्हणायचे. झाल्या गोष्टीबद्दल दोघांत अवाक्षर नाही. बापलेकीचं एरवीही कधी फार बोलणं नव्हतं, आता निदान इंजिनावर तरी होत होतं.

“बॅटरीचा स्विच बंद केल्यावर पाच मिनिटं थांबायचं,” ती वाचायची.

“बोटीत असं काय न्हाय.”

“म्हणून तर थांबा म्हणते, बाबा.”

दाजी थांबायचे. आयुष्यात कुणाचं ऐकून हातातलं काम थांबवलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. बाजूला बसून आपल्या काळ्या बोटांकडे बघत राहायचे. तिचं तेव्हाच ऐकलं असतं तर, हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसायचं, की मी आत चहा सांगायच्या निमित्तानं उठून जायचो.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ताटाएवढी चपटी मोटर होती. तिच्यातलं चुंबक इतकं जबरदस्त, की त्यानं दाजींच्या हातातला पाना ओढून घेतला आणि त्यांचं बोट चेमटलं. मग देवरामनं खैराच्या पाचरी तासल्या आणि लोखंडाचं हत्यार न लावता दोघांनी ती मोटर सरळ बाहेर ओढली. नव्या इंजिनाचे सेन्सर आमच्या वायरींना जुळेनात, तेव्हा जुन्याचे काढून त्यावर चढवले. पहिल्यांदा चावी दिली तर गाडी चालू झाली, पण स्टिअरिंगसमोरचा बिघाडाचा पिवळा दिवा जाईना. दोन रविवार त्यात गेले. शेवटी गिअरबॉक्सच्या मागे एक प्लग अर्धाच बसलेला मृणालीला सापडला. तिनं अंगठ्यानं दाबला, कट्ट झालं, दिवा गेला. दाजी हसले. तीही हसली. ऑगस्टनंतर दोघं एकत्र हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बोटीत इंजिन बसवलं की पहिल्या फेरीला मिस्त्रीनं आपलं माणूस बोटीत बसवायचं, अशी दाजींची पद्धत होती. आपल्या कामाची खात्री आपल्याला नसेल तर दुसऱ्यानं का ठेवावी, म्हणायचे. तेव्हा आक्का नवी साडी नेसून मागे बसली. खारबाव स्टेशनपर्यंत गेली आणि आली. काय वाटलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, “सगळा रस्ता देवाचं नाव घेत होते. पन बसले.”

दिवाळीच्या आधीच्या रविवारी गाडी भिवंडीला पोचवली. मीही बरोबर होतो. शेठच्या ओसरीवर माणसं जमली होती, त्यात बाळाराम होता. खाडीत त्याच्या बोटी चालायच्या, आणि दसऱ्याला घेतलेल्या नव्या बोटीचं इंजिन दाजींच्याच हातून बसवून घ्यायचं असं त्यानं ठरवलेलं होतं. शेठनी गाडीत बसून अंगणात चक्कर मारली, उतरले आणि दाजींच्या खांद्यावर हात टाकला.

“बाप असावा तर असा. पोरीनं मोडलं आणि यांनी घरी बसून उभं केलं.”

“केसरीनं हात लावला म्हनजे झालं,” बाळाराम म्हणाला.

सगळे हसले. चहा आला. आणि शेठनी चावी उचलून आपल्या खिशात टाकली. “आता भाविक चालवेल. एकदा झालं तेवढं पुरे.” मृणाली कपबशा भरलेला ट्रे धरून उभी होती. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, झालं, एवढी मेहनत पाण्यात गेली. इंजिन बसलं, पण ज्यासाठी बसवलं ते काही झालं नाही.

दाजींनी कप खाली ठेवला. मिशीवर हात गेला नाही.

“व्याही,” ते म्हणाले, “चावी तिनं न्हाय फिरवली. मी फिरवली. ती नको सांगून गेलती. मना वाटलं बोटीचं इंजिन नि हे एकच. ती तवा माज्यासाठी खोटं बोलली, आनी मी बोलू दिलं.”

बाळाराम आपल्या कपात बघत बसला. थोड्या वेळानं त्यानं दुसऱ्याच कुणाशी गोदामांच्या भाड्याची गोष्ट काढली. त्याच्या नव्या बोटीचं इंजिन पुढे कल्याणच्या एका मिस्त्रीनं बसवलं. शेठ उठले. मग खिशातून चावी काढली आणि सुनेच्या ट्रेमध्ये, रिकाम्या कपांच्या मधोमध ठेवली. म्हणाले, “बाबांना नि मामांना घरी सोडून ये.” आणि आत निघून गेले.

गाडीपाशी आलो तरी मृणाली दार उघडेना. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात राग होता.

“मी एवढे दिवस तुमचं नाव राखलं, बाबा. का बोललात? त्या बाळारामसमोर?”

दाजी दाराच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले.

“उद्या सोमवार हाय,” ते म्हणाले. “तुला शाळेत जायाचं हाय.”