टाळीचा आवाज

सदाशिव पेठेतल्या क्लासमध्ये आम्ही दोघी मैत्रिणी एकाच वर्षी कथक शिकायला लागलो आणि पुढे वीसेक वर्षं जोडीनं नाचलो. मी डावीकडे, ती उजवीकडे. समेवर आलो की एकमेकींकडे वळून तळहातावर तळहात आपटायचा, ही आमची खोड. आमच्या बाई म्हणायच्या, "कथक चाललंय की फुगडी?" पण एका कार्यक्रमात प्रेक्षकांनी नेमकी त्या टाळीलाच दाद दिली, तेव्हापासून बाईंनी तो विषय काढला नाही. तिचा तळहात नेहमी घामानं ओला असायचा. मी माझा हात ओढणीला पुसत तिला शिव्या घालायचे.

मग ती मुलीपाठोपाठ कॅनडाला गेली आणि तिथलीच झाली. आता क्लास मी चालवते. मुलींना जोडीनं नाचायला शिकवते, पण माझ्या उजवीकडे मी कुणाला उभं केलेलं नाही. जमतच नाही.

मागच्या वर्षी सिनेमाचं शिक्षण घेतलेली माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "ताई, तुम्हा दोघींचं नृत्य खास कॅमेऱ्यासाठी बसवू या. त्या तिकडे नाचतील, तुम्ही इकडे. जोडायचं मी बघते." मी लगेच हो म्हटलं. कलेसाठी वगैरे काही नाही. मला वाटलं, पुन्हा तालीम सुरू झाली की मैत्रिणीचे पाय शिवशिवतील आणि बाईसाहेब विमानात बसतील. तीही फोनवर म्हणाली होतीच, "डिसेंबरची तिकिटं बघतेय गं."

रविवारी सकाळी क्लासमध्येच शूटिंग ठेवलं. मागे पांढरी भिंत, समोर कॅमेरा. तो जिकडे जाईल तिकडे माझं तोंड वळायचं. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हे हाडात मुरलेलं. विद्यार्थिनी म्हणाली, "अहो ताई, त्याला बघू दे तुमच्याकडे. तुम्ही नका बघू." तेवढं हळूहळू जमलं. पण मी भिंतीच्या मधोमध राहीचना. दर वेळी डावीकडे सरकायचे. तिनं जमिनीवर चिकटपट्टी लावून दिली, तरी तेच. शेवटी ती वैतागून म्हणाली, "राहू द्या. ती रिकामी बाजू त्यांनाच देते."

खरी पंचाईत टाळीची झाली. समेवर वळून हात पुढे न्यायचा आणि हवेत थांबवायचा. माझा हात थांबतच नव्हता. अडवायला समोर कुणी नव्हतं, त्यामुळे तो पुढे जाऊन नुसता खाली पडायचा. चार-पाचदा असं झालं आणि मला एकदम रडू यायला लागलं. विद्यार्थिनीनं पाणी आणून दिलं, मग कसंबसं ते उरकलं. "आवाज वेगळा घेऊ," म्हणत तिनं माइक पुढे धरला. मी माझेच दोन हात एकमेकांवर आपटले.

मैत्रीण तिकडे घराच्या तळघरात पांढरी चादर टांगून नाचली. महिन्याभरानं जोडलेलं नृत्य बघितलं आणि मी बघतच राहिले. एकाच भिंतीपुढे आम्ही दोघी, जरा जाडावलेल्या, गिरक्या बेतानं घेणाऱ्या. मी वळते, ती वळते, हाताला हात भिडतो आणि टाळी वाजते.

तिला पाठवलं, तर लगेच फोन आला. रडत होती. "अगं, मी तिथं नव्हते हे कळतसुद्धा नाही! किती वर्षांनी नाचलो आपण."

"आता डिसेंबरात खरंखुरं नाचू," मी म्हटलं.

"या डिसेंबरात नाही जमणार गं. गुडघे, एवढा प्रवास... आणि आता हे आहे ना आपल्याकडे. भेटल्यासारखंच झालं."

मला भेटल्यासारखं नको होतं. मला ती हवी होती, तिच्या ओल्या तळहातासकट. पण तोंडातून निघालं ते "हो ना, खरंच."

"आणि टाळी ऐकलीस?" ती नाक ओढत हसली. "अजून तश्शीच सणसणीत वाजते आपली."

"वाजते की," मी म्हटलं. दोन्ही हात माझेच होते, हे काही मी तिला सांगितलं नाही.