तपासणीच्या दिवशीचं पाणी

आधीच सांगते... असल्या गूढ अनुभवांच्या सदरात मी कधी लिहीन असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली. आमचं घर बौद्ध. नवस, उतारे, बाहेरची बाधा हे शब्द आमच्याकडे फक्त थट्टेला. इथले अनुभव मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं खो खो हसायचो. आता तुम्ही हसा, माझी हरकत नाही.

आम्ही जर्मनीत एर्लांगेनला राहतो. नवरा, मिलिंद, मेडिकल उपकरणांच्या कंपनीत आहे. मी एका बंद पडलेल्या बेकरीची जागा भाड्याने घेऊन तिथे स्वयंपाकाचं काम करते. दुपारी मागच्याच गल्लीतल्या किटाला, म्हणजे बालवाडीला, मुलांचं जेवण माझ्याकडून जातं. आमची चार वर्षांची अन्वीही तिथेच असते.

जागा कमर्शियल असल्यामुळे दरवर्षी पाण्याच्या लाइनवरचा एक वॉल्व्ह तपासून घ्यावा लागतो. त्याला जिस्टेमट्रेनर म्हणतात. हीटिंगच्या पाइपांत फिरणारं केमिकलवालं काळं पाणी उलटं वाहून पिण्याच्या नळात येऊ नये, म्हणून तो बसवतात. खर्च कोणाचा, तर भाडेकरूचा. घरमालकाने करारात लिहूनच ठेवलंय. यायचे वेगळे, तपासायचे वेगळे, रिपोर्टचे वेगळे! कोटेशन बघून मिलिंद म्हणाला होता, “अगं, वॉल्व्ह ठीक आहे एवढं सांगायचे इतके पैसे? मी फुकट सांगतो, ठीक आहे.” मी म्हटलं, “अहो शहाणे, मुलांचं जेवण आहे. गपचूप अपॉइंटमेंट घ्या.”

अपॉइंटमेंट मिळाली, आणि त्याच आठवड्यात जालन्याला माझ्या सासूबाई गेल्या. अचानक. विमानाचं तिकीट मिळेपर्यंत तिकडे सगळं आटोपलं होतं, मग गेलोच नाही. मिलिंद रडला नाही. सोमवारी सायकल काढून ऑफिसला गेला. आणि मी? मलाही काही होत नव्हतं. भांडी घासत होते, कांदे चिरत होते, कोणी काही विचारलं तर उत्तर देत होते. एकदा चहात मीठ टाकलं आणि तो चहा तसाच पिऊन टाकला.

सासूबाई आधीच्या उन्हाळ्यात आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. जालन्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. त्यामुळे इथेही रोज सकाळी किचनवर आल्या की पहिलं काम म्हणजे सगळ्यांत मोठं पातेलं भरायचं, तोंडाला पांढरं फडकं बांधायचं. मी म्हणायचे, “अहो आई, इथे चोवीस तास पाणी असतं.” त्या म्हणायच्या, “असू दे माय. भरलेलं पाणी काय चावतंय का तुला?” फडक्याची गाठही त्यांची स्वतःची होती. मला ती कधी सुटायची नाही, आणि त्या माझी फजिती बघून तोंडाला पदर लावून हसायच्या.

तर, तपासणीचा दिवस. सकाळी अन्वीला किटात सोडून मी किचन उघडलं. कुलूप नेहमीसारखं लागलेलं होतं. आत ओट्यावर मोठं पातेलं काठोकाठ भरलेलं. तोंडाला फडकं. फडकं ओलं होतं, त्याच्या कडेवरून ओट्यावर थेंब पडत होते.

मला भीती वाटायला हवी होती, नाही का? मला काहीच वाटलं नाही. मिलिंद ऑफिसला जाताना भरून गेला असेल, एवढंच डोक्यात आलं. गाठ सुटेना, म्हणून फडकं एका बाजूला सरकवलं आणि तांब्याने पाणी घेत कामाला लागले. तांदूळ धुतले, डाळ शिजवली, गाजर-मटार उकडले. हातसुद्धा त्याच पाण्याने धुतले. भरलेलं पाणी समोर असलं की आपण नळाकडे जात नाही, तशी सवयच असते. डबे भरले. किटाची गाडी येऊन घेऊन गेली.

दुपारी तपासणीवाली बाई आली. भावाची घासाघीस करायला मिलिंदही ऑफिसमधून आला होता. बाई हसतमुख होती, “चला, बघू या तर!” म्हणत मागच्या खोलीत गेली, वॉल्व्हला मीटर जोडला. मग ती बाहेर येऊन म्हणाली, “जरा नळ सोडता?”

मी नळ सोडला. नळ खोकला. मग काळं पाणी आलं... शाईसारखं काळं, वर तेलकट तवंग, आणि असा वास की मी मागे सरले.

तिने सांगितलं ते असं : वॉल्व्ह आतून अडकलाय. सकाळपासून रस्त्यावर पाइपचं काम चालू आहे, लाइनमधलं प्रेशर गेलं आणि हीटिंगचं पाणी उलटं ओढलं गेलं. मग तिने विचारलं, “आज या पाण्यात काही शिजवलंत का तुम्ही?”

मी म्हटलं, “हो. मुलांचं जेवण.”

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. मी किटाला फोन लावला. तिकडची बाई आनंदात होती. “हो, हो, सगळे जेवले! अन्वीने तर दोनदा वाढून घेतलं.” मी म्हटलं, “बरं.” फोन हातातच राहिला. त्या मुलांची नावं मला पाठ आहेत. कोणाला अंडं चालत नाही, कोणाला टोमॅटो आवडत नाही, सगळं माहीत आहे. आणि मला काही जाणवत नव्हतं, फक्त फ्रिजचा आवाज ऐकू येत होता.

मिलिंद ओरडला, “अगं, नळाचंच पाणी वापरलंस का सगळीकडे?”

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. “नळ सोडलाच नाही मी. तुम्ही भरून ठेवलं होतंत ना, तेच वापरलं.”

“मी? मी इकडे आलोच नाही सकाळी.”

आम्ही तिघंही ओट्याकडे वळलो. पातेल्याच्या तळाला थोडं पाणी उरलं होतं. स्वच्छ, तळाचा पोचा दिसेल इतकं स्वच्छ.

मी किटाला परत फोन करून सगळं सांगितलं. तपासणीवाल्या बाईने त्या पाण्याचा आणि उरलेल्या वरणाचा नमुना नेला. दोन्ही चांगलं निघालं. एकाही मुलाचं पोटसुद्धा दुखलं नाही. नवीन वॉल्व्ह, पाइप धुऊन घेणं, परत तपासणी, हे सगळं आमच्याच बोकांडी बसलं. एरवी मी घरमालकाची सालटी काढली असती. त्या वेळी बिलं आली तशी भरली.

तुम्ही म्हणाल, आदल्या संध्याकाळी तूच पाणी भरलंस आणि विसरलीस. मीही तेच म्हणते. त्या दिवसांत माझं काही खरं नव्हतं. पण मग सकाळी फडक्यातून पाणी कसं टपकत होतं? इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने भरलं म्हणावं, तर त्याच्याकडे आमची किल्ली नाही, आणि तो बिचारा पातेल्याला फडकं कशाला बांधेल? मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय. खरं सांगू, आणखी शोधायचा जीव उरला नाही.

ती बाई नमुना घेऊन गेली, तेव्हाचं एवढं सांगते. गाठ अजून तशीच होती. मिलिंद ओट्यापाशी गेला. लहानपणी पाणी भरायला आईबरोबर तोच असायचा. त्याने न बघता एक टोक धरून ओढलं आणि गाठ सुटली. मग त्याने तांब्या बुडवला, उरलेलं पाणी घेतलं आणि उभ्या उभ्या पिऊन टाकलं. मी अडवायला हवं होतं, तेव्हा रिपोर्ट यायचा होता. मी अडवलं नाही.

तांब्या खाली ठेवून तो म्हणाला, “तिच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं नाही गं. शेजाऱ्यांनी घातलं. आणि ती इतक्या लांब येऊन माझ्या पोरीचं पाणी भरून गेली.”

मग तो ओट्याला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले. मला अजूनही रडू आलेलं नाही.